गावच्या संग्रहालयात पुरावस्तू दाखल करताना: क्रम कुठे चुकतो आणि तो कसा सांभाळायचा

नाशिक जिल्ह्यात शाळा, महाविद्यालयं, ग्रामपंचायती, दुर्गसंवर्धनाची मंडळं आपापल्या परीनं छोटी संग्रहालयं उभी करताहेत. तळमळ खरी असते, पण कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लागतो. नाणं सापडलं की आधी चिंच लावून घासलं जातं, मग तळहातावर ठेवून फोटो, मग पेपरात बातमी, मग काचेचं कपाट. कागदपत्रांची आठवण होते ती कुणी तक्रार केल्यावर. तोवर नाण्यावरची अक्षरं झिजलेली असतात, ते नेमकं कुठे सापडलं हे कुणालाच धड सांगता येत नाही, आणि संस्था कायद्याच्या कचाट्यात सापडलेली असते.

"किती जुनं आहे?" हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न "हे कुठून आलं?" खालचे सगळे टप्पे या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहेत.

## पहिली वस्तू येण्याआधीची तयारी

एक पानभर धोरण लिहून काढा. आपण काय स्वीकारणार (उदाहरणार्थ, फक्त आपल्या तालुक्यातल्या वस्तू), काय स्वीकारणार नाही, आणि निर्णय कोण घेणार, एवढं त्यात पुरे. निर्णय एकट्या मुख्याध्यापकांनी किंवा मंडळाच्या अध्यक्षांनी घेऊ नये. तिघांची समिती असावी, त्यातला एक जण संस्थेबाहेरचा. समितीतला कुणी स्वतः नाण्यांची किंवा मूर्तींची खरेदी-विक्री करत असेल तर तो समितीत नको. आयकॉम या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिताही हेच सांगते, आणि गावपातळीवर ते जास्तच लागू पडतं, कारण वस्तू आणणारा माणूस त्याच सदस्याच्या ओळखीनं येतो.

सामान फार लागत नाही. पानांवर क्रमांक छापलेली बांधीव नोंदवही, तात्पुरत्या पोचेचं पुस्तक, दानपत्राचा नमुना, मोजपट्टी, छोटा वजनकाटा, साधे नायट्राइल हातमोजे, पॉलिथिनच्या झिप पिशव्या आणि कुलूप लागणारं एक कपाट. नवीन आलेली वस्तू निर्णय होईपर्यंत याच कपाटात राहील, प्रदर्शनात जाणार नाही.

तपासा: धोरण, समितीचा ठराव आणि कोरी नोंदवही हातात नसेल तर अजून काहीही स्वीकारू नका.

## टप्पा 1: वस्तू जमिनीत सापडली असेल, तर जागा आधी नोंदवा

आपल्याकडे वस्तू सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शेतात टाकायला पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती उकरताना, वाड्याचा पाया खणताना, किल्ल्यावरच्या टाक्यातला गाळ काढताना, रस्ता किंवा गटार खोदताना. सिंहस्थाच्या निमित्तानं शहरात आणि त्र्यंबकेश्वरात कामं निघतात तेव्हा ही शक्यता आणखी वाढते.

खोदणं तिथेच थांबवा. वस्तू अजून मातीत असेल तर आहे तशी राहू द्या. मोबाइलवर चार फोटो काढा: एक लांबून, परिसर दिसेल असा, एक मध्यम अंतरावरून, दोन जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. लोकेशन जतन करा. जमिनीपासून किती खोल, मातीचा रंग काय, सोबत खापरं, हाडं, राख, मणी काय काय दिसलं, ते त्याच दिवशी लिहा. सापडलेलं मडकं रिकामं करू नका. आतली मातीही महत्त्वाची असते.

नाण्यांचा साठा असेल तर एकही नाणं वेगळं होऊ देऊ नका. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी (पुरलेला साठा) सापडला. 13,250 नाणी मोजली गेली, आणि त्यातल्या 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. पांडवलेण्यातला लेख गौतमीपुत्रानं क्षहरातांचा निःपात केल्याचं सांगतो. त्या दाव्याला नाण्यांचा पुरावा मिळाला तो निधी एकत्र मोजला गेला म्हणून. तीच नाणी सापडणाऱ्यांनी मूठ-मूठ वाटून घेतली असती तर "जुनी चांदीची नाणी" यापलीकडे काही उरलं नसतं.

उलट उदाहरणही जवळचंच आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या ब्राँझवस्तूंत त्यांची गणना होते. तरीही त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, कारण त्या शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात मिळाल्या नाहीत. शेतकऱ्याचा यात काहीच दोष नव्हता. पण वस्तू थरापासून सुटली की तिच्याबद्दलचे कितीतरी प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतात, हे यावरून दिसतं.

सावधान: "अजून काही सापडतंय का बघू" म्हणून पुढे खणू नका. शोधासाठी खोदणं म्हणजे उत्खनन, आणि ते परवान्याचं काम आहे. किल्ल्यावर गाळ काढण्याआधीच किल्ला संरक्षित आहे का, जागा वनखात्याची आहे का हे विचारून लेखी परवानगी घ्या.

## टप्पा 2: खबर द्या, तीही लेखी

इथे सर्वांत जास्त संस्था चुकतात. शेतकरी दादा नाणी घेऊन येतात, "शाळेला भेट देतो" म्हणतात, सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं. पण भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 प्रमाणे जमिनीत दडलेली, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, अंदाजे किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा ती सादर करण्याची हमी द्यायची. खबर न देणं हा गुन्हा आहे, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जमिनीतून निघालेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय होईपर्यंत कुणालाच दान करता येत नाही, आणि तुम्हाला ती घेताही येत नाही.

लोक खबर द्यायला घाबरतात ते "सरकार सगळं घेऊन जाईल" या भीतीनं. त्यांना कायद्याची दुसरी बाजू सांगा. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालक दुसरा असेल, तर दोघांत वेगळा करार नसताना सापडणाऱ्याचा वाटा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश असतो. सरकारनं तो संपादन करायचं ठरवलं तर वस्तू ज्या धातूची किंवा पदार्थाची आहे त्याच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम मिळते. हे कळलं की निम्मी भीती जाते.

करायचं काय? अर्जाच्या तीन प्रती काढा. एक जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा तहसीलदारांमार्फत, एक नाशिक शहरात सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यातल्या राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात, आणि तिसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन ती स्वतःकडे. अर्ज सापडणाऱ्याच्या नावानं असू द्या. संस्था फक्त लिहायला मदत करते. तोंडी सांगितलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं खबर म्हणून धरू नका.

तपासा: आवक शिक्का असलेली प्रत फाइलला लागली का? त्याआधी पत्रकारांना फोटो देऊ नका.

## टप्पा 3: घरातून आलेली वस्तू असेल, तर मालकीची चौकशी

वाडे पडताहेत, नवीन इमारती उभ्या राहताहेत. देवघरातल्या मूर्ती, कोरीव खांब आणि हस्त (तुळईखालचे कोरीव आधार), ताम्रपट, मोडी दफ्तरं संग्रहालयाकडे येऊ लागतात. इथे "आमच्याकडे पूर्वापार आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. वडीलधाऱ्या माणसाला आदर ठेवून, पण नेमकं विचारा: "काका, तुमच्या लहानपणी ही मूर्ती घरात कुठे असायची? पूजेत होती का? तुमच्या वडिलांनी ती कुठून आणली असं सांगायचे? लग्नाच्या जुन्या फोटोत मागे कुठे दिसते का?" शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण देवघरासमोर काढलेला एखादा जुना फोटो दहा तोंडी साक्षींपेक्षा मोलाचा ठरतो. मिळालेली उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून खाली सही घ्या.

मग वस्तू नीट बघा. मूर्तीच्या पाठीमागे चुन्याचा किंवा सिमेंटचा ताजा तुकडा चिकटलाय? खालच्या कडेला छिन्नीचे नवे, पांढरट घाव आहेत? खाचांमध्ये ओली माती? बैठकीला चौकोनी कूस (खाचेत बसणारा खुंट) आहे, म्हणजे ती कुठल्या तरी पीठात बसवलेली होती? यातलं काहीही दिसलं तर घरगुती वारशाची गोष्ट पुन्हा तपासावी लागेल.

कायद्याचा भाग असा. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे किमान 100 वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेली हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड यांतली शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं आणि कोरीव लाकूडकाम यांची नोंदणी करावी लागते. कोरीव खांब "फक्त लाकूड" म्हणून भंगारात जातात तेव्हा हे कुणाच्या लक्षातच येत नाही. दात्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असेल तर मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवा. नसेल तर आधी दात्यानं अर्ज करावा, दानाचं पुढचं नंतर बघू. अर्ज कसा करायचा ते सरकारवाड्यात विचारता येईल.

वस्तू देवळातली असेल तर एकट्या अध्यक्षाची किंवा पुजाऱ्याची सही पुरत नाही. विश्वस्त मंडळाचा ठराव हवा, आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते का हे ट्रस्टनं आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावं. जीर्णोद्धारात जुन्या खंडित मूर्ती नदीत सोडायचं ठरतं तेव्हा संग्रहालयानं पुढे व्हायला हरकत नाही. पण ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारून, रात्रीतून टेम्पो लावून नव्हे.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) आणि सतीशिळा शक्यतो हलवूच नका. त्या गावच्या वेशीशी, पाराशी, देवळाशी जोडलेल्या असतात. रस्ता रुंदीकरणात जाणार असतील तर तोंड कुठल्या दिशेला आहे ते नोंदवून, लोकेशनसह फोटो काढून, ग्रामसभेचा ठराव आणि पुरातत्त्व विभागाचं लेखी उत्तर मिळाल्यावरच हलवा.

सावधान: कागद आहेत म्हणजे ते खरे आहेत असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं 2008 मध्ये 50 लाख डॉलरहून जास्त मोजून घेतलेला नटराज तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरलेला निघाला आणि 2014 मध्ये भारताला परत द्यावा लागला. विक्रेत्यानं मालकीचे कागद दिले होते. ते बनावट होते. चोरी उघड होताना पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडचे देवळातल्या मूर्तींचे जुने फोटो कामी आले. म्हणून आपल्या गावातल्या देवळांमधल्या मूर्तींचे चारही बाजूंनी फोटो आजच काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.

## टप्पा 4: नाही म्हणायचं ते इथे

लहान संग्रहालयानं वस्तू विकत घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि दारात पिशवी घेऊन येणाऱ्याकडे तो परवाना नसतो. पण कायद्यापलीकडचं कारण मोठं आहे. तुम्ही एका नाण्याला 500 रुपये दिले की पुढच्या आठवड्यात त्या पांढरीवर पाच जण कुदळ घेऊन जातात. "आम्ही घेतलं नाही तर बाहेर जाईल" हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण त्या भावनेनंच खोदणाऱ्यांचं फावतं.

गाव सांगायला नकार देणारा, घाई करणारा, "नाव कुठे लिहू नका" म्हणणारा माणूस आला तर वस्तू हातातही घेऊ नका. बाजारभावही सांगू नका. वस्तू काय असावी एवढं सांगणं ठीक, किंमत सांगणं संग्रहालयाचं काम नाही. नाण्यांची ओळख पटवायची असेल तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारखी अभ्यासाची जागा जिल्ह्यातच आहे.

## टप्पा 5: आधी पोच, नंतर दानपत्र

दोन्ही वेगवेगळे कागद आहेत. एकाच चिठ्ठीत उरकू नका. तात्पुरती पोच म्हणजे "वस्तू तपासणीसाठी ठेवून घेतली आहे, मालकी तुमचीच आहे, अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवू". समितीनं होकार दिल्यावर दानपत्र करायचं. त्यात वस्तूचं वर्णन, फोटो, मालकी कशी आली, दान कायमचं आहे की ठरावीक मुदतीची ठेव, आणि दोन साक्षीदार.

एकत्र कुटुंबातली वस्तू असेल तर सगळ्या भावा-बहिणींच्या सह्या घ्या. एका भावानं दिलेली समई दुसऱ्यानं वर्षभरानं परत मागायची, हे भांडण फार ठिकाणी होतं. बहिणींची सही तर हमखास राहते, आणि त्यांचा हक्क तेवढाच असतो.

"कायम पहिल्या कपाटातच ठेवा", "शेजारी आजोबांचा फोटो लावा" अशा अटी स्वीकारू नका. दात्याचं नाव पाटीवर जरूर द्या, आणि त्यांना नको असेल तर फक्त नोंदवहीत ठेवा.

## टप्पा 6: नोंदवही आणि क्रमांक

संग्रहालयाचा खरा जीव नोंदवहीत असतो. तरी बहुतेक ठिकाणची नोंद अशी दिसते: "जुनी दगडी मूर्ती, 1 नग." अशी मूर्ती चोरीला गेली तर पोलिसांना काय सांगणार?

तीच नोंद अशी हवी: "वीरगळ, बेसॉल्ट, तीन चौकटी. उंची 92 सेंमी, रुंदी 41, जाडी 18. सर्वांत खालच्या चौकटीत ढालतलवारधारी वीर, उजवीकडे तोंड. वरच्या चौकटीत शिवलिंगपूजा. वरच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, घाव जुना. डाव्या कडेला शेंदराचा जाड थर. मूळ जागा: गावाच्या पूर्व वेशीजवळ, लोकेशन फाइलमध्ये. ग्रामसभा ठराव व विभागाचं पत्र सोबत. फोटो 1 ते 6." मोडतोड आणि डाग सविस्तर लिहा, वस्तू ओळखायला तेच उपयोगी पडतात.

नोंद शाईनं करा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही करा, पान कधी फाडू नका. संगणकावरची यादी ही प्रत आहे, मूळ नव्हे. क्रमांक वर्ष आणि अनुक्रम असा साधा ठेवा. नाण्यावर, मण्यावर थेट काही लिहायचं नाही. पिशवीत चिठ्ठी आणि पिशवीवर क्रमांक. खापरावर किंवा दगडावर लिहायचंच असेल तर न दिसणाऱ्या बाजूला पॅरलॉइड बी-72 (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिन) चा पातळ थर देऊन त्यावर शाई, म्हणजे पुढे अ‍ॅसिटोननं काढता येते. नेलपॉलिश, बॉलपेन आणि चिकटपट्टी तिन्ही नको.

तपासा: नोंदवहीतलं वर्णन वाचून संस्थेबाहेरच्या माणसाला दहा वस्तूंतून ती वस्तू उचलता येते का?

## टप्पा 7: सफाईचा मोह आवरा

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, तेल, वॉर्निश, ऑइल पेंट, सिमेंट. यातलं काहीही पुरावस्तूला लावायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशनं सुटी धूळ झटकणं एवढीच सफाई आपल्या हातची. शेंदूर खरवडू नका. त्या थरांतही पूजेचा इतिहास आहे, आणि खालची नक्षी त्याच्यासोबत निघून येऊ शकते.

साठवणुकीतल्या चुका जास्त नुकसान करतात आणि दिसतात उशिरा. सातवाहनांची शिशाची नाणी प्लायवूडच्या कपाटात ठेवली की लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, आणि नाणं आतून खाल्लं जातं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकचे नाण्यांचे अल्बम तांब्याच्या नाण्यांना हिरवट, चिकट करतात. वर्तमानपत्रात गुंडाळणं आणि रबर बँड लावणंही असंच. पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट, पॉलिथिनची पिशवी आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल, एवढ्यावर आपला पावसाळा निभावतो. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच वेगळं, कोरड्या डब्यात ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा.

## टप्पा 8: मांडणी आणि पाटी

कापड, कागद, हस्तलिखितं यांवर प्रकाश 50 लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर नको आणि ऊन तर मुळीच नको. दगड आणि खापरांना तेवढी काळजी नाही. खरा प्रश्न पाटीचा आहे.

पाटीवर वस्तू काय आहे, कुठून आली, संग्रहालयात कशी आली आणि काय माहीत नाही, हे चारही लिहा. "काळ निश्चित नाही" असं लिहिल्यानं संग्रहालयाची पत कमी होत नाही. नाशिकमध्ये एक मोह कायम असतो: प्रत्येक जुन्या दगडाला "रामायणकालीन" म्हणण्याचा. श्रद्धेचा मान राखा, "स्थानिक परंपरेनुसार" असं लिहून ती परंपरा वेगळी सांगा, पण कालनिर्णयाच्या ओळीत ती घालू नका. प्रतिकृती असेल तर "प्रतिकृती" हा शब्द वस्तूच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात हवा.

उघड्या पांढरीवरून आलेल्या वस्तूच्या पाटीवर फक्त गाव आणि तालुका द्या. गट क्रमांक आणि लोकेशन नोंदवहीतच राहू द्या. समाजमाध्यमांवरच्या पोस्टलाही हाच नियम. नेमकी जागा जाहीर केली की तिथे खोदणारे पोचतात.

देवाच्या मूर्ती जमिनीवर, चपलांच्या रांगेशेजारी मांडू नका. लोक हात जोडतील, जोडू द्या. हळद-कुंकू, तेल आणि फुलं मात्र नकोत, हे पाटीवर नम्रपणे लिहा. ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीच्या वस्त्यांत तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत लहान मुलांची दफनं मिळतात. असे अवशेष अभ्यासाच्या संस्थेकडेच असावेत. शाळेच्या संग्रहालयात छायाचित्र पुरे. कुणाचं तरी मूल होतं ते, त्याच्यापुढे उभं राहून सेल्फी निघू नये.

## टप्पा 9: कुणी वस्तू परत मागितली तर

वाद घालू नका आणि भिडेखातर वस्तू लगेच देऊनही टाकू नका. मागणी लेखी घ्या, पोच द्या, वस्तू प्रदर्शनातून काढून कुलपात ठेवा, आणि फाइल घेऊन समितीची बैठक बोलवा. दावा खरा वाटत असेल तर पुरातत्त्व विभागाला कळवून, पंचांसमोर, फोटो आणि सह्या घेऊन वस्तू परत करा. चोरीची शंका असेल तर आधी पोलीस ठाणं. दावेदाराच्या हाती परस्पर काहीच द्यायचं नाही.

संग्रहातली वस्तू विकायची नाही, बदल्यात द्यायची नाही, पाहुण्यांना भेट म्हणून तर कधीच नाही. सांभाळणं जमत नसेल तर विभागाशी लेखी पत्रव्यवहार करून सरकारी संग्रहालयाकडे सोपवा. संस्था बंद पडली तर संग्रह कुणाकडे जाईल, हे सुरुवातीच्या धोरणातच लिहून ठेवा, आणि त्या वेळी नोंदवही, दानपत्रं आणि फोटो वस्तूंच्या पेट्यांसोबत एकाच यादीवर सही घेऊन द्या.